परमुलखातला सरवा

आमचे सर वर्गात कधी फळ्यापाशी उभे राहिले नाहीत. यायचे, फळ्यावर मळणीयंत्राचं नाहीतर पेरणीयंत्राचं चित्र काढायचे, एकेका भागाला नाव द्यायचे, हात झटकायचे आणि चालत चालत शेवटच्या बाकामागे जाऊन उभे राहायचे. तास संपेपर्यंत आवाज पाठीमागून. कुणी मान वळवली की लगेच, "फळ्याकडे पाह्य. माह्याकडे कायले पाह्यतं? मी काय नवरदेव हाओ?" सुरुवातीला आम्हाला वाटलं, माणूस बुजरा आहे. मग एकेकाचे मोबाइल जप्त व्हायला लागले तेव्हा बुजरेपणाचा उलगडा झाला.

कामरगावहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कृषी तंत्र विद्यालय. तिथे ते अवजारं आणि यंत्रं हा विषय शिकवत. वर्गापेक्षा अवजारांच्या शेडमध्ये त्यांचा जीव जास्त. शेडची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. मुलींना ट्रॅक्टरवर बसवणारे आमच्याकडे तेच पहिले. मी पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा ट्रॅक्टरनं उडी मारली आणि कुंपणाला जाऊन भिडला. सर मागून सावकाश आले, कुंपण पाहिलं, म्हणाले, "एक खांब गेला. बाकीचे हायेत. चालव." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मोठी यंत्रं चालवायची, एवढंच डोक्यात.

सर रस्त्यानं चालत ते मान खाली घालून. समोरून कलेक्टर आला तरी त्यांना कळलं नसतं, पण धुळीत पडलेला नट मात्र दहा पावलांवरून दिसायचा. खिशात सदैव खुळखुळ. त्यात खिळे, वायसर, बटणं, तुरीचे चार दाणे, कुणाच्या तरी सायकलचा छर्रा. कामरगावच्या बाजारात पोरं त्यांना पाहून हळूच म्हणायची, "सर येऊन राह्यले, आता कोंबड्याईनं काय खावं?" सरांना ते ऐकू जात असे. ते थांबत, एखादा दाणा उचलत आणि पुढे जात. लग्नाच्या पंगतीत जेवून झालं की लोक पान खायला जातात. सर जिथे ताटं ठेवतात तिथे जाऊन उभे राहत आणि ताटात काय राहिलं ते पाहत. बोलत काही नसत. नुसतं पाहत. त्यामुळे त्यांना बोलावणाऱ्यांची संख्या वर्षागणिक कमी होत गेली.

त्यांच्याविषयी सर्वांचं एकमत होतं, की माणूस चिक्कू आहे. मीही तेच मानायची. पण चिक्कू माणूस पेपर तपासताना खोडलेलं उत्तर वाचत नाही. सर वाचायचे. आपण रेघ मारून रद्द केलेल्या ओळीतसुद्धा त्यांना एखादा बरोबर आकडा सापडायचा आणि समासात ते एक गुण द्यायचे. प्राचार्यांनी एकदा हटकलं, हे नियमात बसत नाही. सर म्हणाले, "पोट्ट्यानं लेहलं होतं नं? मंग पडलं म्हणून काय झालं, हाये तर त्याचंच."

हंगामात त्यांचा खरा उपद्व्याप सुरू होई. कुणाच्याही वावरात मळणी चालू दिसली की न बोलावता जायचं, यंत्राच्या मागे, जिथे भुसा उडतो तिथे, एक धोतराचं पान अंथरायचं आणि उकिडवं बसून भुशातले दाणे वेचायचे. मग वावराच्या मालकाला ओंजळ दाखवायची. "हे पाहा. पाच मिनिटाचं हाये. दिवसाचं तुमीच करा." मालक वैतागत. यंत्रवाला तर मारायलाच धावे. सर शांतपणे धोतर झटकत आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणत, "मशीन पुढे पाह्यते भाऊ. माणसानं मांगं पाहावं."

त्या धोतराच्या पानामुळेच सर परदेशी गेले.

झालं असं की आमच्या विद्यालयाची जर्मनीतल्या एका शेतकी शाळेशी देवाणघेवाण ठरली. आधी त्यांची दहा मुलं आमच्याकडे, मग आमची दहा त्यांच्याकडे. त्यांची मुलं तुरीच्या हंगामात आली. सोबत एक प्राध्यापिका होत्या. दारातून वाकून आत यावं लागे इतक्या उंच, म्हणून आम्ही त्यांना उंच मॅडम म्हणायला लागलो. प्राचार्यांनी शाल, श्रीफळ, ढोलताशे सगळं केलं. मॅडमनी सगळं हसून घेतलं. पण इंझोरीच्या एका वावरात मळणीयंत्रामागे धोतर पसरून बसलेला माणूस दिसला तेव्हा त्या गाडीतून उतरल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. दोन तास दोघं भुशातून तूर वेचत होते. जाताना मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं, तुमच्या मुलांबरोबर हे गृहस्थ आले पाहिजेत.

प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते वाईट नव्हते. विद्यालयाचं नाव व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, आणि सर म्हणजे त्या नावावरचा डाग आहे असंही मनापासून वाटे. पण पाहुण्या बाईंना नाही कसं म्हणणार?

दहा जणांत माझा नंबर लागला. आमच्या तिथल्या तीन आठवड्यांच्या मुक्कामाचं आणखी एक प्रकरण होतं. दहातल्या दोघांना पुढच्या वसंतात सहा महिने तिकडच्या शेतांवर राहून मोठी यंत्रं शिकायला मिळणार होती. निवड उंच मॅडम करणार होत्या, आणि शेवटच्या शनिवारच्या सहलीवरून परतताना नावं सांगणार होत्या. निघताना माय मला म्हणाली होती, "नाव लागलं तं जाय पुढे. नाई लागलं तं मामानं पाह्यलेलं पोरगं वाईट नाई." मामानं पाहिलेलं पोरगं खरंच वाईट नव्हतं. पण त्याला यंत्र चालवणारी बायको नको होती, तसं त्यानं निरोपात कळवलंही होतं. म्हणजे माझं सगळं त्या शनिवारावर येऊन ठेपलं होतं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. आमचं इंझोरीला दोन एकर वावर आहे. विद्यालयात मी 'आमची शेती आहे' एवढंच सांगायची. दोन एकरात भागत नाही म्हणून माय दर वर्षी लोकांच्या वावरात सरवा वेचायला जाते, हे सांगायची नाही. पीक काढून नेलं की वावरात ज्या शेंगा, जे दाणे पडून राहतात ते वेचायचे, म्हणजे सरवा. तो वेचणाऱ्याचा असतो, मालक त्याला ना म्हणत नाही. सुट्टीत मीही जायची, तोंडाला ओढणी बांधून. आमच्या गटातल्या एका मुलीच्या वडिलांच्याच वावरात माय सोयाबीनचा सरवा वेचायची. ती मुलगी वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. तिला काही माहीत नव्हतं, आणि कळू नये म्हणून मी काय काय कसरती केल्या त्या माझ्या मलाच ठाऊक.

तर जर्मनीतला तो शेवटचा शनिवार. बसनं दोन तासांवरचं एक मोठं शेत, तिथे बटाटे काढायचं नवं यंत्र पाहायचं, संध्याकाळी परत. सोबत आलेल्या प्राचार्यांनी मुलींना सलवार-कमीज आणि मुलांना टोप्या घालायला लावल्या. यंत्र असं की आमचं अख्खं शेड त्यात मावलं असतं. पुढून जमीन गिळत जायचं आणि बटाटे वरच्या पेटीत. सगळे पुढे उभे राहून फोटो काढत होते. सर अर्थातच मागे.

काढलेल्या पट्ट्यात जागोजागी तारेवर लावलेले छोटे पांढरे झेंडे रोवलेले होते. प्राचार्य कौतुकानं म्हणाले, "पाहा, पाहुण्यांच्या स्वागताला शेतातसुद्धा पताका लावल्या."

दुपारी यंत्र थांबलं. तिथली मंडळी त्यांच्या शेडमध्ये जेवणाची मांडामांड करायला गेली, प्राचार्य त्यांच्याबरोबर गेले, आणि आम्हाला अर्धा तास बांधावर थांबायला सांगितलं. मी यंत्रामागच्या त्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहत उभी होते. बटाटे पडले होते. कापलेले, बारीक, आणि बरेचसे चांगले धडधाकट. काही मातीत अर्धे गाडलेले, त्यांची नुसती टाळू दिसत होती. जीव तुटतो हो. ज्यानं कधी सरवा वेचला नाही त्याला ते कळायचं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी मालक नाही, कुणी वेचणारी नाही. एवढं वावर आणि एकही बाई नाही. मला वाटलं, आपण पाहुणे आहोत, जेवायला घालतायत, तेवढं तरी करून द्यावं. खरं सांगायचं तर असं काही वाटायच्या आधीच मी आत शिरले होते, ओढणीची ओटी बांधली होती आणि वाकले होते.

पोरं-पोरी थोडा वेळ पाहत राहिले. मग एक आला, मग दुसरी. वऱ्हाडातली मुलं, कितीही शिकली तरी हाताला सवय असतेच. मीच सांगत सुटले, "तू इकून पात धर, तू तिकून." पात म्हणजे आपापल्या वाट्याची ओळ, तिच्याबाहेर जायचं नाही. ती शेजारच्या खाटेवरची मुलगी माझ्या शेजारच्या पातेवर होती. "तुले बरं जमते वं हे," ती म्हणाली. मी ऐकलं न ऐकलं केलं. बऱ्याच वेळानं सर आत आले. कुणाला काही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "ज्याचा ढीग त्याच्या पातेच्या तोंडाशी ठेवा. मिसळू नका. सरव्याचे ढीग मिसळत नाईत."

अर्ध्या तासात अख्खा पट्टा लख्ख. बांधावर दहा ढीग. एका टापटिपीच्या मुलानं ते पांढरे झेंडेसुद्धा, पायदळी जायला नकोत म्हणून, उपटून त्यांची सुबक जुडी बांधून ठेवली होती.

उंच मॅडम शेडमधून बाहेर आल्या. त्यांनी पट्टा पाहिला, ढीग पाहिले, झेंड्यांची जुडी पाहिली, आणि जवळच्या एका पेटीवर मटकन बसल्या. नवं यंत्र बटाटे किती सांडतं हे मोजायचा त्या दिवशी प्रयोग होता. झेंड्यांनी चौकोन आखलेले होते. जेवणानंतर त्या चौकोनांत पडलेले बटाटे जागेवर मोजायचे होते, वरचे किती, मातीतले किती. त्यासाठी ते मुद्दाम तसेच ठेवले होते. आम्ही प्रयोग साफ करून ठेवला होता, अगदी झाडून पुसून.

प्राचार्यांना इंग्रजीतून हे समजलं तेव्हा ते आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "कोणी सांगितलं होतं? आधी कोण शिरलं आत?"

बाकीच्या नऊच्या नऊ जणांना ठाऊक होतं. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर दोन गोष्टी बाहेर पडल्या असत्या: माझं नाव आणि माझ्या मायचं काम. निवड तर गेलीच असती, शेजारच्या खाटेवरही कळलं असतं. मी ओढणीची गाठ सोडत उभी राहिले.

"मीच म्हणलं वेचा," सर म्हणाले. "पोट्ट्याईचा काई कसूर नाई."

"तुम्ही? शिक्षक असून?"

"हो. मीच."

प्राचार्य पुढे बरंच बोलले. सर ऐकत होते की नाही कोण जाणे. ते मॅडमच्या पेटीपाशी गेले, त्यांना हातानं उठायची खूण केली आणि पहिल्या ढिगापाशी नेलं. ढिगाकडे बोट, मग त्या ओळीतून पावलं मोजत पार टोकापर्यंत जाऊन परत. मग दुसरा ढीग, दुसरी ओळ. तिसऱ्या ढिगाला मॅडमच्या ध्यानात आलं. दहा ढीग म्हणजे दहा ओळी, एकही बटाटा इकडचा तिकडे नाही. चौकोनांवरून अंदाज बांधण्यापेक्षा हा हिशेब पक्का होता, कारण आमच्या पोरांनी मातीच्या पोटातलेही सोडले नव्हते. मॅडमनी काटा आणवला. वरचे किती आणि खालचे किती हे मात्र गेलं ते गेलंच. अर्धं काम वाचलं, अर्धं बुडालं, आणि जेवण पार थंड झालं.

परतताना बसमध्ये मॅडमनी नावं सांगितली. एक जऊळक्याचा मुलगा आणि मी. माझी निवड का, तेही त्यांनी सांगितलं: सगळ्यांत मोठा ढीग माझा होता आणि त्यात एकही बटाटा नखानं खरवडलेला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर सगळ्यांत मागच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं बस थांबवावी आणि खाली उतरून जावं. उतरले नाही. ज्या कामासाठी त्यांना बोल लागला त्याच कामाचं मला बक्षीस मिळालं आणि मी ते घेतलं.

वसंतात मी गेले. सहा महिन्यांत ते अजस्र यंत्र चालवायला शिकले. आज मी हार्वेस्टर घेऊन वाशीम जिल्हाभर फिरते, ती त्या सहा महिन्यांची कमाई आहे. ते इथे सांगत बसत नाही. तिथे रोज यंत्र थांबवून मागे जाऊन पाहायची, आणि रोज मन खायचं.

परत आल्यावर अहवाल द्यायला विद्यालयात गेले. शेडमध्ये दुसरेच एक शिक्षक होते. आमच्या सरांना गाठून विचारलं तर म्हणाले, "आता निस्ती थेरी शिकवतो. किल्ली त्याईच्याकडे हाये." जसं काही हवापाण्याचं बोलत होते. बाकीचं कार्यालयातल्या लिपिकानं सांगितलं. जर्मनीहून आल्याबरोबर सरांना कारणे दाखवा नोटीस निघाली होती. सरांनी खुलासाच दिला नाही. तीन वेळा स्मरणपत्र गेलं, तिन्ही वेळा सही करून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. शेवटी शेडचा कार्यभार काढून घेतला, आणि परदेशी गटाबरोबर कधी पाठवू नये असा शेरा पडला. त्या माणसाचं सगळं होतं ते त्या शेडमध्ये होतं.

मी कार्यालयातल्याच बाकावर बसून कागद मागितला. लिहिलं: 'त्या दिवशी शेतात सर्वांत आधी मी शिरले. सरांनी कोणालाही सांगितले नव्हते. माझी आई लोकांच्या शेतात सरवा वेचते, मीही वेचते. त्या सवयीने शिरले. तेव्हा बोलले नाही, याची लाज वाटते.' प्राचार्यांनी ते वाचून विचारलं, "हे फाईलला लागलं तर तुझ्या नावावर राहील. विचार केलास का?"

"लावा, सर," मी म्हणाले. बाहेर आले आणि त्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला फोन केला. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं वं. तुही माय आमच्याकडे चहा घ्याले थांबते." मी एवढी वर्षं कसरती करत होते त्या कुणासाठी, देव जाणे.

सरांना मात्र त्या कागदाचा राग आला. दोन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर सरांचा कागद होता. ज्याची तीन स्मरणपत्रांनी वाट पाहिली तो खुलासा त्यांनी त्या दिवशी सकाळी आपणहून आणून दिला होता. त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात, सरकारी भाषेत. प्राचार्य म्हणाले, "तुझ्या संदर्भात आहे, म्हणून तू ऐकावंस," आणि मोठ्यानं वाचायला लागले.

'महोदय, सदर विद्यार्थिनी शेतात शिरली तेव्हा मी मागेच उभा होतो. मी कोणास वेचा म्हणालो नाही, हे तिचे म्हणणे खरे आहे. परंतु दोष तिचा नाही. झेंडे प्रयोगाचे आहेत हे मी ओळखले होते. तिला थांबवणे माझे कर्तव्य होते व त्यासाठी पुरेसा वेळही होता. ती डावा हात कमरेवर ठेवून वाकत होती. माझी आई सरवा वेचताना तशीच वाकत असे. आई जाऊन एकतीस वर्षे झाली. त्यामुळे थांबवले नाही, पाहत राहिलो. खुलासा मान्य व्हावा ही विनंती.'

मी कशी वाकते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांनी कागद खाली ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढलं, शेवटच्या ओळीखाली 'मान्य' लिहिलं, आणि सही करायच्या आधी तो कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला.